नळ्या बदलल्या असतील

फोन वाजला तेव्हा कॅप्टन रिफत नुकताच समुद्रातून वर आला होता आणि अंगावरचं पाणी टॉवेलने न पुसता दोन्ही तळहातांनी थापट्या मारमारून झटकत होता. टॉवेल म्हाताऱ्यांना लागतो, असं त्याचं म्हणणं. त्याला स्वतःला सदुसष्टावं चालू होतं. डिसेंबरातलं वादळ कालच ओसरलेलं, पाणी अजून गढूळ, लाटा किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर डोकं आपटून घेत होत्या, आणि अनफूशीच्या त्या सबंध किनाऱ्यावर पाण्यात उतरलेला माणूस एकच. बाकीचे बिशाराच्या चहाच्या टपरीत कानटोप्या घालून बसलेले. "एक दिवस तुझं मढं काढायला मला उतरावं लागणार, आणि मला सर्दी होणार," बिशारा रोज म्हणायचा तेच आजही म्हणाला. रिफतने त्याच्या पाठीत असा धपका घातला की ग्लासातला चहा बिशाराच्या मांडीवर सांडला. बिशारा कळवळला आणि मग हसला. रिफतच्या प्रेमाची रीतच ती. ज्यांना सोसत नसे ते त्याच्यापासून हातभर लांब बसत.

"कॅप्टन रिफत ना? रिफत शहाता रिफत?" फोनवर बाई होती. "मी केंद्रातून अवातिफ. ते बापलेकांचं रक्त घेतलं होतं ना आपण, वयाच्या तपासणीसाठी? जरा घोळ झालाय हो. तुमची आणि तुमच्या मुलाची नळी बदलली असणार. तुम्ही रिफत शहाता रिफत, ते शहाता रिफत शहाता. आजोबाचं नाव नातवाला, पणजोबाचं बापाला, आता सांगा, आमच्या पोरींनी चिठ्ठ्या चिकटवताना किती डोळे फोडायचे?" ती मोकळेपणाने हसत होती. रिफतने विचारलं, बदलली कशावरून? "अहो, कशावरून काय! तुमच्या नावावर चाळिशीतल्या माणसाचं रक्त आलंय, आणि मुलाच्या नावावर साठी उलटलेल्याचं. उद्या दहाला दोघंही या. पुन्हा सुई नको असेल तर कागदावर लिहून द्या की त्या दिवशी खुर्च्यांची अदलाबदल झाली. पाच मिनिटांचं काम."

चाळिशी! खोटं कशाला बोला, आधी त्याला आनंदच झाला. मिठाने चरचरणाऱ्या छातीच्या आत काहीतरी टुणकन उडालं. पंचवीस वर्षं! बिशाराला सांगावं, टपरीतल्या त्या सगळ्या खोकणाऱ्या कानटोप्यांना ओरडून सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलंसुद्धा. आणि मग वाक्याचा दुसरा भाग, मुलाच्या नावावर साठी, त्याच्या कानात उशिरा पोचला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. कारण खुर्च्यांची अदलाबदल झाली नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीत तो स्वतः बसला होता. अवातिफने नाव पुकारल्यावर त्याने बाही वर करून दंडाची बेटकुळी दाखवली होती आणि तिला विचारलं होतं, सांग पोरी, माझं वय किती? ती लाजली होती. तिने त्याच्यासमोर, त्याच्या नावाची चिठ्ठी, त्याच्या नळीवर चिकटवली होती. शहाता पलीकडच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता, वाळूसारख्या रंगाचा, अडतिसाव्या वर्षी पांढरी झालेली दाढी खाली घालून. नळ्या बदलल्या नव्हत्या.

त्याने घाईघाईने कपडे चढवले आणि कोर्निशवरून, समुद्राकाठच्या रस्त्याने, घराकडे निघाला. केंद्रातल्या डॉक्टर इनासने रक्त घेतलं त्या दिवशी सगळ्या बापलेकांना एकत्र बसवून समजावलं होतं, आणि रिफतला ते लगेच पटलं होतं, कारण तो बंदरावरच्या हमालाचा मुलगा. नाव बांधायचा दोर असतो ना, ती म्हणाली होती, त्याचं टोक उसवू नये म्हणून आपण त्याला सुतळीने घट्ट गुंडाळतो. तशी आपल्या पेशींच्या आतल्या धाग्यांना टोकं असतात, त्यांना टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगली की टोक जरासं झिजतं. झिजत झिजत संपलं की पेशीचा कारभार आटोपला. मग चालणं, पोहणं, भाजीपाला, वेळेवर झोप, सिगारेट न ओढणं, ह्याने ती झीज जरा हळू होते असं दिसतं. रिफत समोरच्या रांगेत बसून मान डोलावत होता, जणू बाईंनी त्याचीच आरती चालवली होती. चाळीस वर्षं पहाटेचा समुद्र, एक वाटी फूल, म्हणजे शिजवलेल्या शेंगांचे दाणे, त्यावर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू, मैद्याला हात नाही, साखर विषासमान. मग ती पुढे आणखी काही म्हणाली होती, आणि तेव्हा रिफत मान डोलवायचा थांबला होता. लहानपणी सतत धास्तीत वाढलेल्या पोरांची टोकंही लवकर झिजलेली आढळतात, ती म्हणाली. एकट्यादुकट्या माणसाबद्दल छातीठोकपणे नाही सांगता येत, पण शेकडो माणसं तपासली की दिसतं. आणि एखाद्याची वयाच्या मानाने फारच आखूड निघाली, तर आम्ही त्याला तसं सोडणार नाही. त्याची फुप्फुसं बघू, हाडांतला मगज रक्त नीट बनवतोय का ते बघू. वेळेवर कळलं तर पुष्कळ करता येतं.

वर्षभर शहाता बापाच्या तिसऱ्या मजल्यावर येताना दुसऱ्या मजल्यावर थांबत होता. चपलेचा पट्टा लावल्यासारखं करायचा. वरून रिफत ओरडायचा, "अरे ए, अडतीस वर्षांचा तू आणि धापा टाकतोस? मी तुझ्या वयात किल्ल्याला वळसा घालून पोहत यायचो!" शिवाय खोकला होता, कोरडा, उथळ, कोणी दुसऱ्या खोलीत लाकूड घासावं तसा. सिगारेट ओढतोस ना लपून, म्हणून रिफतने एकदा त्याचे खिसे उलटे केले होते. अडतीस वर्षांच्या माणसाचे! शहाता हात बाजूला धरून उभा राहिला होता, झडती देणाऱ्या कैद्यासारखा. खिशात फक्त रुमाल होता.

कोळ्यांच्या धक्क्यावर एकजण आठ पायांचा माकूळ दगडावर आपटत होता. मऊ पडावं म्हणून आपटतात, चाळीस-पन्नास वेळा, रिफतने जन्मभर पाहिलेलं. फटाक. तो मांसाचा ओला गोळा दगडाला चिकटायचा, कोळी तो ओढून सोडवायचा, डोक्यावरून फिरवून पुन्हा फटाक. रिफत चालता चालता मोजायला लागला. त्याला मोजायची सवयच होती, हात, श्वास, सेकंद. अकरा. बारा. समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात शहाता उभा आहे, सात वर्षांचा, जानेवारीतला समुद्र, ओठ जांभळे. रिफतच्या गळ्यात शिट्टी, डाव्या हातात थांबघड्याळ, उजवा हात पोराच्या मानेवर. खाली. चौदा, पंधरा. फुप्फुसं मोठी झाली पाहिजेत. हाताखाली ती मान आधी ताठ होते, मग वळवळते, मग नखं त्याच्या मनगटात रुततात. एकवीस. अजून थोडं, कुत्र्या, अजून थोडं, तुला मी शंभर वर्षं जगवणार आहे! वर काढल्यावर पोरगं श्वास घ्यायचंसुद्धा विसरायचं, नुसतं बघायचं. रडलं की पोहण्याच्या पट्ट्याचं जाड रबर पायांवर. ओल्या कातडीवर रबराचा आवाज वेगळाच येतो. फटाक. तेवीस. चोवीस.

"बस कर!" रिफत ओरडला आणि त्याने कोळ्याची गचांडी धरली. स्वतःलाही कळलं नाही कधी धरली. कोळी तिशीतला, दणकट, पण अचानक झालं म्हणून मागे कोलमडला, आणि रिफत त्याच्या छातीवर गुडघा टेकून होता, मूठ उगारलेली. माकूळ बाजूला चिखलात पडलेला. "कॅप्टन! अहो कॅप्टन!" कोळी खालून म्हणत होता, घाबरण्यापेक्षा चकित होऊन, "मेलेलंय ते! मेलेल्याला काय लागतंय?" आजूबाजूचे धावले, त्यांनी रिफतला उचललं. कोणीतरी म्हणालं, ऊन लागलं असेल, आणि दुसरं कोणी म्हणालं, डिसेंबरात? हशा झाला. रिफतला पकडून ठेवायला तीन माणसं लागली ह्याचा त्याला अभिमान वाटला, आणि तो वाटला म्हणून त्याला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

घरी येऊन तो स्वयंपाकघरात नुसता उभा राहिला. ओट्यावर बरण्यांची रांग होती: काळं जिरं, मध, भिजवलेले कडू वाल, दोन हातांत न मावणारा ऑलिव्हच्या तेलाचा डबा. त्याची बायको करीमान गेल्यापासून ह्या ओट्यावर तळणाचा वास आला नव्हता. करीमान होती तोवर घरात हात उचलायची त्याची टाप नव्हती, ती मध्येच येऊन उभी राहायची, बारीक हाडांची बाई, आणि म्हणायची, "अबू शहाता, शहाताच्या बापा, आधी मला." म्हणून मग सगळं समुद्रावर. समुद्रावर आई नव्हती. तिने पायांवरचे वळ पाहिले नसतील का? पाहिले होते. तो सांगायचा, खडकांवर घसरला. पोरगंही मान डोलवायचं, खडकांवर घसरलो. शहाता नऊ वर्षांचा असताना रिफतने त्याला किनाऱ्यावरच्या कॅबिनच्या मागे पकडलं होतं, कागदात पाकात भिजलेला रव्याचा बसबूसा, तोंड भरलेलं, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं सुख की रिफतने तसं ते आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. त्याने त्याच्या घशात दोन बोटं घालून ते सुख बाहेर काढलं. दात लागले, बोटं रक्ताळली, मग त्या रक्ताळलेल्या बोटांनीच थोबाडीत. वाळूवर पाक, ओकारी आणि एक दुधाचा दात. "विष आहे ते! विष खातोस?" आणि पोरगं म्हणालं होतं, "नाही कॅप्टन." बाबा म्हणायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. रिफत पोहायला शिकवायचा त्या क्लबातली सगळी पोरं त्याला कॅप्टन म्हणत, शहाताही म्हणू लागला, घरी, जेवताना, आजारपणात, आईच्या मयतीतसुद्धा. रिफतला ते आवडायचं.

आणि त्याचा स्वतःचा बाप? थोरला शहाता, बंदरावर कापसाचे गठ्ठे वाहणारा, दिवसाला चाळीस सिगारेटी, तळलेली कलेजी आणि तिखट लोणचं, पोट सुटलेलं, दात किडलेले. एक्कावन्नाव्या वर्षी दोर तुटला आणि गठ्ठा अंगावर पडला, म्हणून मेला, नाहीतर छातीने मेला असता. रिफतने त्याच्या कबरीवर शपथ घेतली होती की मी असा मरणार नाही आणि माझा मुलगा तर मुळीच नाही. पण त्या माणसाने आयुष्यात एकदाही हात उगारला नव्हता. एकदा रिफतने त्याचं एकुलतं एक घड्याळ पाण्यात पाडलं, घरी जायची भीती वाटली म्हणून संध्याकाळपर्यंत होडीखाली लपून बसला. बापाने शोधून काढलं, खांद्यावर घेतलं आणि वाटभर हसत हसत विचारत राहिला, "माशांना आता वेळ कळणार, नाही का रे?" त्या खांद्याला घामाचा आणि तंबाखूचा वास होता. रिफतच्या नळीतली ती लांबलचक टोकं कुठून आली असतील? समुद्रातून? तेलाच्या डब्यातून? त्याने डबा उचलला आणि भिंतीवर फेकला. मग मधाची बरणी, मग जिऱ्याची. काचा पायात गेल्या, तो त्यांच्यावरूनच चालला. हिरवट तेल भिंतीवरून सावकाश उतरत होतं, आणि त्याचं हृदय ठणठणीत, एका लयीत, चाळिशीतल्या माणसासारखं ठोके देत होतं. त्याने छातीवर मूठ मारली. मूठ मारली तरी ते तसंच चालू राहिलं.

त्याने शहाताला फोन लावला. "आला होता मलाही अवातिफबाईंचा," शहाता म्हणाला. मागे ट्रामची घंटा वाजत होती. "सही करून टाकू, कॅप्टन. मी सांगेन, मी तुमच्या खुर्चीत बसलो होतो."

"तू नव्हतास बसलास."

"कोण बघायला आलंय?"

"मी बघितलंय. शहाता, तुझी ती धाप... त्या बाई म्हणाल्या होत्या, तसं असेल तर छाती तपासतील. सही केलीस तर कोणी तपासणार नाही. कळतंय का तुला?"

शहाता खोकला, बराच वेळ, फोन तोंडापासून लांब धरून. "तपासायला घेतलं की विचारत बसतील," तो म्हणाला. "लहानपणी काय झालं, कसं झालं. मी लिहून दिलंय ना एकदा. आता कुठे उकरत बसू? सोडा ना, कॅप्टन. तुम्हाला तरी काय हवंय, मी काय सांगायला हवंय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रिफतने सरळ शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी बापलेकांना तो फॉर्म भरायला दिला होता, आणि रिफतने शेजारून वाकून पाहिलं होतं: लहानपणी कोणी तुम्हाला अंगावर वळ उठेपर्यंत मारत असे का? शहाताने जराही न थांबता 'नाही'पुढे खूण केली होती. तेव्हा रिफतचा ऊर भरून आला होता. पोराने ओळखलं, असं त्याला वाटलं होतं, ते मारणं नव्हतं, ती तालीम होती, पोराने मोठं होऊन ओळखलं. खरंच असं वाटलं होतं! फोन ठेवल्यावर तो त्याच ओट्याशी बसून राहिला, पायातून काच उपटत, आणि त्याला इतकी लाज वाटली की घरात कोणी नसूनही त्याने डोळे मिटून घेतले.

सकाळी तो समुद्रावर गेला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ट्राममध्ये तो वाक्य घोळवत होता: डॉक्टर, नळ्या बदलल्या नव्हत्या, मी ह्याला मारायचो. एवढंच. सात-आठ शब्द. पण ओठांशी आलं की त्यामागे दुसरं काहीतरी धावत यायचं: त्याच्या भल्यासाठी. प्रत्येक वेळी यायचं. त्याने ते तोडून टाकायचा प्रयत्न केला आणि ते तुटेना. मग वाटलं, सही केली तर? चाळिशीचं रक्त शहाताचं ठरेल, साठीचं त्याचं. एका फटक्यात पोरगं तरुण आणि तो म्हातारा, कागदावर सगळं जिथल्या तिथे. आणि मग पोरगं दुसऱ्या मजल्यावर थांबेल, मग पहिल्यावर, मग येणारच नाही. शेजारचा माणूस त्याच्या मुठी बघून सरकून बसला.

शहाता आधीच पोचला होता, कोट घातलेला, दाढी विंचरलेली. अवातिफने दोघांना डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टर इनास पन्नाशीची, थकलेली, चष्मा कपाळावर चढवलेली बाई, तिने कागद पुढे सरकवला. "खरं सांगू? मला आधी वाटलं, कदाचित नसतील बदलल्या," ती शहाताकडे बघून म्हणाली. "कधीकधी असतं तसं. पण तुम्ही फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिलंय. आजार नाही, धाप नाही, लहानपणी मारहाण नाही. मग म्हटलं, नळ्याच बदलल्या असतील."

"बदलल्याच," शहाता हसून म्हणाला. "मी खिडकीशी बसलो होतो. कॅप्टनची खुर्ची ती. मला उन्हात बसायचं होतं." इतकं सफाईने म्हणाला, खडकांवर घसरलो म्हणायचा तसं. अवातिफने मान हलवली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" शहाताने पेन उचललं, टोपण काढलं, आणि सहीची जागा शोधायला कागदावर वाकला.

रिफतला वाक्य आठवेना. पेनाचं टोक कागदाला टेकलं, शहातातल्या श ह्या अक्षराची पहिली रेघ उमटली, आणि त्याला थांबवायचं, एवढंच, पेन धरायचं, म्हणून रिफतने हात वर केला.

शहाता खुर्चीतच दुमडला. पेन उडून अवातिफच्या पायाशी गेलं. डावा हात कोपरातून वाकून कानावर, उजवा डोक्यावर, गुडघे पोटाशी, डोळे घट्ट मिटलेले. तोंडातून आवाज आला तो अडतीस वर्षांच्या माणसाचा नव्हता. हे सगळं इतकं झटकन आणि इतकं अचूक झालं की त्यात विचार करायला जागाच नव्हती. त्याचं अंग ते स्वतःहून करत होतं. अवातिफने तोंडावर हात ठेवला होता. मग शहाताने एक डोळा उघडला, आपण कुठे आहोत ते त्याला कळलं, कपाळापर्यंत लाल झाला आणि दाढीतल्या दाढीत पुटपुटला, "माफ करा. माश्या फार आहेत इथे."

डॉक्टरने चष्मा खाली घेतला. तिने तो कागद ओढून दोन तुकडे केले, मग कपाटातून शहाताचा जुना फॉर्म काढला आणि त्या एका प्रश्नापुढची खूण आडवी रेघ मारून खोडली. कोणाला काही विचारलं नाही. "ह्यांना आधी छातीच्या फोटोला घेऊन जा," ती अवातिफला म्हणाली, "आणि नाव नीट लिही."

"मी मारायचो," रिफत म्हणाला. आता, कोणाला गरज उरली नव्हती तेव्हा, ते सहज बाहेर पडलं, आणि मागून दुसरं काहीही आलं नाही. शहाता त्याच्याकडे बघत नव्हता. तो त्या हाताकडे बघत होता, जो अजून तसाच हवेत होता. रिफतने तो खाली घ्यायला सुरुवात केली, आणि मुलाचे खांदे पुन्हा कानांपर्यंत चढले. तो थांबला. अगदी सावकाश पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच झालं. तेव्हा कॅप्टन रिफतने हात खाली आणायचा प्रयत्न सोडला आणि अवातिफ त्याच्या मुलाला बाहेर घेऊन जाईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला.